चिंतामणीवर बाबांचे हात

बी.ए. झाल्यावर पुढं कोणता विषय घ्यावा हे विचारायला दर उन्हाळ्यात माझ्याकडे मुली येतात. मी एकच अट घालते. एकटीनं यायचं. बाप, काका, मामा, भाऊ, ज्याच्याशी लग्न ठरलंय तो, कोणीही बरोबर नको. काहींना हा माझा तऱ्हेवाईकपणा वाटतो. एका गृहस्थांनी मला तोंडावर विचारलं, "बाई, तुम्हाला पुरुषांचा एवढा राग कशाचा?" मी म्हटलं, "राग नाही. जागा कमी आहे." खोलीत खुर्च्या सहा होत्या. ते उठून गेले.

ही अट कुठून आली ते एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. देवळातली पूजेची पाळी थोरल्या काकांकडे होती. माझे वडील धाकटे. त्यांना आजोबांनी शाळेत घातलं आणि ते तहसील कचेरीत कारकून झाले. त्या काळी शाळा उर्दू, कचेरी उर्दू. बाबांचं उर्दू अक्षर असं की हैदराबादहून आलेला साहेब कागद वाचायच्या आधी नुसता पाहत बसायचा, असं आई सांगायची. विलीनीकरण झालं, मी तेव्हा लहान होते. कचेरीतली उर्दू हळूहळू मागं सरली. बाबांच्या पंचवीस वर्षांच्या विद्येला कोणी वाईट म्हटलं नाही. फक्त कोणी ती मागेना.

मग प्रांत बदलला, मुंबई सरकार आलं, आणि वरचा साहेब देशावरून आला. बाबांना देवनागरी येत होतं, पण ते दुसरीतल्या मुलासारखं, अक्षराला अक्षर लावून. एकदा साहेबानं त्यांचा मसुदा सगळ्या कचेरीसमोर वर धरला आणि विचारलं, "हे मराठी आहे, की मराठीला झालेला अपघात?" शिपायासकट सगळे हसले. हे बाबांनीच आम्हाला जेवताना सांगितलं, आणि सांगताना तेही हसले. आई हसली नाही. थोरले काका मात्र ठसका लागेपर्यंत हसले.

"तुझी विद्या नवाबाबरोबर गेली बघ," काका म्हणाले. "माझी देवी हाय तिथंच हाय. सरकार कुणाचं का असंना, नारळ फुटतोच."

बाबा म्हणाले, "व्हय दादा."

बाबा काकांना कायम "व्हय दादा" म्हणत. "न्हाय दादा" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

त्या रात्रीपासून बाबा मसुदे घरी आणू लागले. मी तेव्हा नववीत होते. मी ते सुधारून द्यायची. बाबा शेजारी बसून पाहायचे आणि मधेच म्हणायचे, "एक ध्यानात ठेव. बोलीची विद्या शिकू नको. सरकार बदललं की ती मरती. हिशेबाची शिक. दोन आन् दोन निजामातबी चार, मुंबईतबी चार." मला गणित आधीपासूनच येत होतं. त्या वाक्यामुळं मला ते आवडायला लागलं, असं मी म्हणणार नाही. मात्र घरात एका माणसाला तरी ते पटतंय, एवढं मी धरून चालले.

सोलापूरला आत्याच्या घरी राहून मी बी.ए. केलं, गणित घेऊन. वर्गात मुली आम्ही दोघी, आणि दुसरी लग्न होऊन मधेच गेली. निकाल लागला तेव्हा मी कॉलेजात गणितात पहिली होते. आमचे सर कोरडे गृहस्थ होते. त्यांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाले, "पुण्याला जा. एम.ए. गणितातच कर. तिथं तुझ्या बोलण्याला हसतील, हसू दे. फळ्यावर बोली दिसत नाही." पुण्यातल्या ओळखीच्या एका बाईंना त्यांनी सांगून ठेवलं, मुलींच्या वसतिगृहात जागाही झाली. तुळजापूरला येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी मान डोलावली. "जा," म्हणाले. आईनं ट्रंक पुसायला काढली.

ट्रंक पुसून व्हायच्या आत काका जिना चढून वर आले.

"पुण्याला कोण जातंय म्हणं?"

मी म्हटलं, "मी जातेय, काका."

"तुला कोण इचारतंय? ह्याला इचारतोय." बाबांकडे बोट करून ते म्हणाले, "म्या परंड्याला शब्द दिलाय. पुढल्या आठवड्यात माणसं येत्यात."

परंड्याचा मुलगा शाळेत मास्तर होता, बी.ए. झालेला. घर बरं, वाडवडिलांची वृत्ती होती, जमीन होती. माणसं आली. मुलाच्या वडिलांनी पहिला चहा संपायच्या आत अडचण मांडली. "पोरगा बी.ए. हाय. पोरगी बी.ए. हाय. हितवर ठीक. आता ती एम.ए. झाली तर नवऱ्याच्या वर बसंल, ताटाला ताट लागंल."

"लागत न्हाय," काका म्हणाले. "एम.ए. करायचंच आसंल तर संस्कृत घेईल. घरी बसून परीक्षा देता येती. ते काय शिक्षण हाय व्हय? ते सोवळंच हाय. देवघराच्या कामाला येतंय."

सगळ्यांना हे फार पटलं. मुलालाही पटलं असावं, कारण त्याला एकदम धीर आला आणि त्यानं मला विचारलं, "गणित घेतलं होतं म्हणे. तेवीस सत्ते?"

"एकशे एकसष्ट."

"वा!" तो आपल्या वडिलांकडे पाहून हसला.

"आता मी विचारू?" मी म्हटलं. "सतरा औटे किती?"

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या भागात वाण्याच्या पोरालाही ती येत असे. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ते वरच्या तुळईकडे पाहू लागले. शेवटी माझी आई आतल्या दारातून म्हणाली, "साडेएकोणसाठ," आणि पोहे आणायला वळली.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "पोरगी हिशेबाला लई तेज हाय. संसारात चालंल का, बघावं लागंल."

ती माणसं गेल्यावर काका आईला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. ते मी विसरले म्हणून नव्हे. मला म्हणाले, "तोंड हाय का कातर? एवढं होऊनबी ती माणसं तयार हायेत, फकस्त संस्कृतवर. गणितवाली नको म्हणत्यात. आता तूच सांग, नवरा पायजे का पाढे?"

"पाढे," मी म्हटलं.

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे पाहिलं. मग काका म्हणाले, "आपल्यात वाद नको. देवीआईलाच इचारू. चिंतामणी जे सांगंल ते."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या देवळाच्या आवारात एक गोल गुळगुळीत दगड आहे, त्याला चिंतामणी म्हणतात. त्यावर दोन्ही तळवे ठेवून मनातलं विचारायचं. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर होणार नाही, जागचा हलला नाही तर उशीर. लोक त्याला सगळं विचारतात. विहिरीला पाणी लागेल का, कोर्टात निकाल कसा लागेल, म्हैस गाभण आहे का. आमच्या घरी तर अंगणातला पाट बदलायचा तरी काका तिथं जाऊन येत. आमच्या घराण्याची त्यात एक रीत होती. लेकीचा प्रश्न असेल तर लेकीनं दगडाला हात लावायचा नाही, तिच्या मनात उत्तर आधीच असतं म्हणून. हात बापानं ठेवायचे, आणि प्रश्न घरच्या कर्त्यानं बोलायचा.

मला ही रीत त्या दिवशी सोयीची वाटली. दगड कसा फिरतो याचा मी पुष्कळ विचार केला होता. पॉलिश झालेल्या तळावर गोल दगड, दोन तळव्यांचा भार. एका तळव्याचा रेटा दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त झाला की तो फिरणार. ठेवणाऱ्याला स्वतःला कळतही नाही. मनात जे असतं तिकडं हात जातात. देवीनंही उत्तर द्यायचं तर हातांवाटेच द्यावं लागणार ना. आणि हात बाबांचे होते. दोन आन् दोन निजामातबी चार, असं म्हणणाऱ्या बाबांचे. मी रात्री नीट झोपले.

मंगळवारी गर्दी म्हणून काकांनी बुधवार धरला. सकाळीच गेलो. काका, बाबा, मी आणि आई. आमच्या मागं उमरग्याकडची काही माणसं रांगेत होती, एक म्हातारी शेतकरीण सगळ्यांच्या पुढं. काकांच्या ओळखीमुळं आम्हाला आधी सोडलं, म्हणून ती कुरकुरत होती.

बाबांनी टोपी सारखी केली, आणि दोन्ही हात दगडावर ठेवले. त्यांचे हात चांगले होते. लांब बोटांचे, उजव्या मधल्या बोटाला कलमाचा घट्टा. काका त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, दगडाच्या पलीकडे, अगदी तोंडासमोर. आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, पोरीनं गणित शिकायला पुण्याला जावं का?"

बाबांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं. मी बाबांच्या हातांकडे पाहत होते. उजवा तळवा पुढं सरकला, डावा मागं आला, सावकाश, चुकून नव्हे असा, आणि दगड डावीकडे वळला.

"झालं," काका म्हणाले. "आता संस्कृतचं. घरी बसून संस्कृत शिकावं का?"

दगड उजवीकडे वळला. अगदी आज्ञेत.

"चला," काका म्हणाले. "मी परंड्याला निरोप धाडतो."

"थांबा काका," मी म्हटलं. "एक प्रश्न राहिला. बाबा, हात काढू नका."

"आता कसला प्रश्न?"

मी काकांच्या रीतीप्रमाणंच मोठ्यानं विचारलं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. "आई, मी शिकावं असं माझ्या बाबांना वाटतं का?"

काका म्हणाले, "अगं ए!" बाबांचे हात दगडावर होते, पण दगड हलेना. इकडं नाही, तिकडं नाही. त्यांनी जोर लावला असता तर कुठंही वळला असता. ते नुसते उभे राहिले. काकांकडेही पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मागून ती म्हातारी वैतागून म्हणाली, "हललाच न्हाय की. म्हंजी उशीर लागंल बया. आता व्हा बाजूला, आमचा बैलाचा सवाल हाय."

बाबांनी हात काढून घेतले आणि धोतराला पुसले.

परतताना पायऱ्यांवर काका पुढं गेले होते. बाबा माझ्याबरोबर चालत होते. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "माझे हात माझे ऱ्हायले न्हाईत, पोरी. नवाबी होती तवा त्या साहेबाचं, मग हैदराबाद सरकारचं, आता मुंबईचं. म्होरं जो उभा ऱ्हातो त्याच्याकडं बघून वळत्यात. दादा म्होरं उभा होता."

दुसऱ्या एखाद्या मुलीला रडू आलं असतं. मला राग आला. मी म्हटलं, "मग तुमचे हात तुमच्याजवळ ठेवा. माझे मी वापरते."

त्यावर ते काय म्हणाले? "व्हय," म्हणाले. मलाही.

त्याच आठवड्यात मी उमरग्याच्या शाळेत नोकरी धरली. हायवेवरचं गाव, रात्रभर ट्रक, पण गणित शिकवणारं माणूस त्यांना मिळत नव्हतं, त्यामुळं बाई असूनही त्यांनी मला घेतलं. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी राहिले. काकांनी घरात सांगितलं की नवरात्रात ही दारात दिसता कामा नये, पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं. मी दिसले नाही. आई एसटीच्या कंडक्टरबरोबर लोणचं पाठवायची. बाबांनी काही पाठवलं नाही. परंड्याच्या मास्तरांचं लग्न झालं. मुलगी सातवी शिकलेली होती असं ऐकलं, म्हणजे ताटाला ताट लागायचा प्रश्न मिटला.

दोन वर्षं पगार साठवून मी पुण्याला गेले. "लई" म्हटलं की मुली हसायच्या. पहिल्या महिन्यात हसल्या, दुसऱ्या महिन्यात त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. मला पहिला वर्ग मिळाला नाही, दुसरा मिळाला. वसतिगृहातल्या एका मुलीनं सांत्वन केलं, तेव्हा मी तिला विचारलं की आमच्या जिल्ह्यात गणितात एम.ए. झालेल्या बायका तिला किती माहीत आहेत. तिला जिल्हाच माहीत नव्हता. परत आले तेव्हा जिल्ह्याच्या गावी नवं कॉलेज निघालं होतं, गणिताला माणूस हवा होता, आणि अर्ज एकच आला होता. अशी मी प्राध्यापक झाले. यात कर्तृत्व थोडं आहे आणि टंचाई जास्त.

प्राध्यापक झाल्यावर काकांचा बहिष्कार आपोआप उठला. एका नवरात्रात निरोप आला, "पोरीला म्हणावं, ये." मी गेले. काका ओसरीवर पाहुण्यांना सांगत होते, "ही आमची पुतणी. कॉलेजात गणित शिकविती." पाहुणे माना डोलवत होते. त्यांच्यात परंड्याचे कोणी नव्हते.

आता शेवटची गोष्ट, जिच्यामुळं ही अट आली.

साठाचं दशक सरता सरता काकांची नात बी.ए. झाली. हुशार मुलगी, गणितात चांगली, आणि शब्द न बोलणारी. काका तिला घेऊन जिल्ह्याच्या गावी माझ्या घरी आले. बरोबर बाबाही होते, तेव्हा निवृत्त झालेले. काकांच्या मागोमाग ते आत आले आणि काका बसल्यावर बसले.

"हिला पुढं काय घ्यावं ते सांग," काका म्हणाले. "म्या म्हणलं, आपल्या घरात गणितवाली हाय, तिलाच इचारू. तुझंबी असंच झालं व्हतं. चिंतामणीनं उजवा दिला म्हणून तू पुण्याला गेलीस. आठवतंय का?"

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. इतक्या वर्षांत ओसरीवर इतक्या पाहुण्यांना सांगितलं होतं की ते त्यांना खरंच वाटत होतं.

"काका," मी म्हटलं, "तो डावीकडे वळला होता."

"छ्या! तुला काय आठवतंय. पोर व्हतीस. उजवीकडं वळला. म्या म्होरं उभा व्हतो."

"तुम्ही पुढं उभे होतात, हे मला चांगलं आठवतं."

"मग? देवीच्या शब्दाबाहेर कुणी गेलंय का आपल्यात? डावा दिला आसता तर तू गेली आसतीस व्हय?"

नात माझ्याकडे पाहत होती. तिला काहीतरी कळायला हवं होतं आणि ते माझ्या उत्तरावर अवलंबून होतं, हे मला दिसत होतं. तिच्या घरातून एक बाई देवीनं हो म्हटल्यामुळं गेली की नाही म्हटल्यावर गेली, यात तिच्यासाठी फार फरक होता. माझा शब्द काकांच्या शब्दापुढं चालणार नव्हता. पण साक्षीदार तिथंच बसला होता. ज्याच्या हाताखाली दगड फिरला तोच.

मी म्हटलं, "बाबा, दगडावर हात तुमचे होते. तुम्ही सांगा. कुठं वळला होता?"

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचे हात आता म्हातारे झाले होते, पण बोटावरचा घट्टा तसाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, आता. आता तरी. काका नोकरी देणार नव्हते की काढून घेणार नव्हते, साहेब कुठला उरला नव्हता, सरकार काही विचारणार नव्हतं. आमच्या दोघांत फक्त एक शब्द होता आणि तो खरा होता.

मग त्यांची मान सावकाश काकांकडे वळली.

"उजवीकडं," बाबा म्हणाले. "व्हय दादा. उजवीकडंच वळला व्हता."

"बघ!" काका म्हणाले.

मी उठले आणि त्या दोघांच्या टोप्या खुंटीवरून काढून त्यांच्या हातात दिल्या. "चार वाजताची एसटी आहे," मी म्हटलं. "पोरीला इथंच राहू दे. मी तिच्या एकटीशी बोलेन."

"आणि इषय?" काका म्हणाले. "आमी आल्याबिगर इषय कसा ठरंल?"

"तुम्ही गेल्याशिवाय ठरणार नाही," मी म्हटलं, आणि दार उघडून धरलं. काका आधी बाहेर पडले. मग बाबा.